साडेदहानंतरची मॅच

२०२४ ची गणेश चतुर्थी नेमकी शनिवारी आली होती आणि आम्ही सगळे सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला मैत्रिणीकडे जमलो होतो. आरती झाली, अथर्वशीर्ष झालं, मोदकांवर तूप पडलं आणि मी ताट घेऊन सरळ टीव्हीच्या खोलीत जाऊन बसले, कारण सप्टेंबरातला शनिवार म्हणजे माझ्यासाठी कॉलेज फुटबॉल, अमेरिकन फुटबॉल. मैत्रिणीचा मुलगा तिथेच सोफ्यावर होता, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला शिकतो, सणाच्या कुर्त्यावर जांभळी हुडी चढवलेली. त्याला फुटबॉलचं प्रचंड वेड, जॉर्जियाचा दुसरा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) कोण, अलाबामाचा नवीन कोच काय बदल करतोय, सगळं तोंडपाठ. मी म्हटलं चॅनल बदल रे, सात वाजता आमची, वॉशिंग्टन स्टेटची, मॅच आहे पुलमनला, टेक्सास टेकशी. त्याने रिमोट माझ्या हातात दिला आणि अगदी सरळ मनाने विचारलं, "मावशी, तुमची टीम अजून आहे का? म्हणजे, आता कुठल्या कॉन्फरन्समध्ये असतात ते?" (कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी आपसात खेळणाऱ्या युनिव्हर्सिटींचा गट, आणि आमचा नुकताच मोडला होता.)

पुढच्याच शनिवारी त्याच्या टीमची माझ्या टीमशी मॅच होती.

त्या रात्री आम्ही टेक्सास टेकला ३७-१६ हरवलं, मी ओरडले, टाळ्या वाजवल्या, उत्तरपूजेपर्यंतच्या कामांची वाटणी झाली, पण घरी येताना गाडीत तो प्रश्न डोक्यातून जाईना. पोरगा गुणी आहे, चिडवायला बोलला असता तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण त्याला खरंच माहीत नव्हतं. अडीच-तीन हजार मैलांवरच्या टीम्सचे बेंचवरचे खेळाडू त्याला माहीत होते आणि स्वतःच्याच राज्यात, डोंगर ओलांडला की तीनेकशे मैलांवर असलेली टीम, जिच्याशी त्याची युनिव्हर्सिटी १९०० सालापासून खेळतेय, ती आहे की नाही याचा पत्ता नव्हता. हे त्याला कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही. तो जे समोर दिसतं ते बघत मोठा झाला, बस. आणि मला तेच जास्त लागलं.

मी मूळची तासगावची. २००७ मध्ये वॉशिंग्टन स्टेटला मास्टर्स करायला पुलमनला आले तेव्हा कळलं की या सगळ्या टेकड्यांच्या भागाला पलूस म्हणतात, आमच्या शेजारच्या तालुक्याचंच नाव, त्यामुळे आईला फोनवर फार बरं वाटलं. पण तासगावची द्राक्षं कुठे नि हे कुठे. डोळा जाईल तिथवर गव्हाच्या लाटा, मधेच मसूर, मधेच काबुली चणा, ऑगस्टमध्ये कापणीची धूळ इतकी की सूर्य मावळताना तांबडा लाल. गावात दरवर्षी मसुराची जत्रा भरते, लेंटिल फेस्टिव्हल, भल्यामोठ्या कढईत मसुराची चिली शिजते आणि सगळं गाव रांगेत उभं. (आणि हो, इथल्याच संशोधन केंद्रात ऑरव्हिल व्होगल यांनी बुटक्या गव्हाच्या ज्या जाती तयार केल्या त्यांचं बियाणं बोरलॉगना गेलं, तिथून मेक्सिको आणि मग आपली हरितक्रांती. आपल्या पोळीचा या टेकड्यांशी संबंध आहे, हे मी इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी पोराला सांगते.)

परदेशी विद्यार्थ्यांना तिथे एखादं स्थानिक कुटुंब जोडून द्यायचे, तसे मला एक शेतकरी आजी-आजोबा मिळाले. आजोबा वॉशिंग्टन स्टेटचे, म्हणजे कूगर्स, आजी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टनच्या, म्हणजे हस्कीज, आणि लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाली तरी नोव्हेंबरातल्या एका आठवड्यात दोघांमध्ये या विषयावर एक शब्द बोलणं नसायचं. अ‍ॅपल कपचा, म्हणजे या दोन टीम्सच्या दरवर्षीच्या मॅचचा, आठवडा. आजोबांच्या कम्बाइनमध्ये रेडिओ कायम चालू, आणि त्यांना खेळाचं शहाणपण सगळं त्या रेडिओवरून, टीव्हीवरच्या मोठ्या लोकांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते म्हणायचे, ते लोक झोपलेले असतात आपण खेळतो तेव्हा. मला तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं कुरकुरणं वाटलं होतं.

२००८ चा अ‍ॅपल कप मी स्टेडियममध्ये बसून बघितला. त्या सीझनला आमची टीम अकरापैकी एक मॅच जिंकलेली, आणि हस्कीजनी दहापैकी एकही नाही. देशातल्या सगळ्या पेपरांनी, चॅनलांनी त्या मॅचची मिळेल तशी टिंगल केली होती, आणि आकडे बघितले तर त्यांचं काही चूकही नव्हतं, त्या वर्षातली ती सगळ्यात वाईट दोन टीम्सची मॅच असेल. पण स्टेडियममध्ये गेले तर हे काय, लोक पोरंबाळं घेऊन आलेत, म्हातारे ब्लँकेट गुंडाळून बसलेत, आजोबांनी खिशातून कूगर गोल्ड चीजचा डबा काढला (आमच्या युनिव्हर्सिटीच्या डेअरीत बनतं, पत्र्याच्या डब्यात मिळतं, चीज डब्यात असतं हे मी तिथेच पहिल्यांदा बघितलं) आणि पॉकेटनाइफने कापून आजूबाजूच्या अनोळखी लोकांना वाटायला लागले. आजी दोन सीट सोडून जांभळा स्कार्फ घालून ताठ बसलेल्या. एका बाजूचे लोक "गो" ओरडायचे, समोरच्या बाजूचे "कूग्स", आणि मधल्या मैदानावरून तो आवाज असा जायचा-यायचा की छातीत जाणवायचा. शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही मागे होतो, मग एक लांब पास, मग वेळ संपता संपता फील्ड गोल आणि बरोबरी, मग एक ओव्हरटाइम, मग दुसरा, आणि १६-१३. मी त्या दिवशी कुणाकुणाच्या गळ्यात पडले मला आठवत नाही. आजींनी स्कार्फ काढला, घडी केली, पर्समध्ये ठेवला आणि घरी जाईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. थँक्सगिव्हिंगला मात्र टर्कीचा पहिला तुकडा आजोबांच्या ताटात वाढला.

तिथे मी या खेळात पडले ती कायमची. रँकिंग, चॅम्पियनशिप, यातलं काही म्हणता काही त्या मॅचमध्ये नव्हतं.

आता आजोबांच्या कुरकुरीकडे येते. आमच्या किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला मॅच सुरू झाली की न्यूयॉर्कला रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. संपते तेव्हा तिथे दोन. पॅक-१२ च्या, म्हणजे आमच्या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्सच्या, वाट्याला हा टाइम स्लॉट वर्षानुवर्षं आला, कारण दिवसभरात पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या मॅचेस दाखवून झाल्यावर चॅनलला रात्रीची रिकामी जागा भरायला कुणीतरी लागायचं आणि त्या वेळेला उजेडात किंवा निदान जागं असणारे आम्हीच. करारात ते मान्यही केलेलं, त्याचे पैसे मिळत होते. पण रविवारी जे पत्रकार एपीच्या पोलसाठी (टीम्सच्या देशभरातल्या क्रमवारीसाठी) मतं देतात त्यातले कित्येक तिकडचे, त्यांनी सकाळी उठून काय बघायचं, स्कोअर आणि दोन मिनिटांचे हायलाइट्स. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन मॅकॅफ्रीने एका सीझनमध्ये ३,८६४ ऑल-पर्पज यार्ड्स (पळून, झेलून, किक परतवून, सगळे मिळून) काढले, बॅरी सँडर्सचा १९८८ चा रेकॉर्ड मोडला, आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी अलाबामाच्या डेरिक हेन्रीला गेली. हेन्री भारी होता, वादच नाही. पण त्या मुलाच्या निम्म्या मॅचेस तरी मत देणाऱ्यांनी जागेपणी बघितल्या होत्या का, हा प्रश्न मी स्टॅनफर्डची फॅन नसताना मला आजही पडतो. त्यात पॅक-१२ ने २०१२ मध्ये स्वतःचं नेटवर्क काढलं, पूर्ण मालकी स्वतःची ठेवली, आणि डायरेक्टटीव्ही या सॅटेलाइट टीव्ही कंपनीशी कधी जमलंच नाही, म्हणजे देशातल्या लाखो घरांत ते चॅनल दिसायचंच नाही.

आणि तरी आमच्या लोकांसारखं टीव्हीवर प्रेम कुणी केलं नसेल. ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनलचा कॉलेज गेमडे नावाचा शो दर शनिवारी सकाळी एका वेगळ्या कॅम्पसवरून होतो, आणि २००३ पासून त्या प्रत्येक शोमध्ये, मग तो अलाबामात असो नाहीतर ओहायोत, अँकरच्या मागच्या गर्दीत वॉशिंग्टन स्टेटचा झेंडा फडकत असतो. ओल क्रिमसन म्हणतात त्याला. कुठलातरी माजी विद्यार्थी पहाटे उठून, लांब काठी घेऊन, तासन् तास हात भरून येईपर्यंत तो हलवतो, मग झेंडा पार्सलने पुढच्या गावाला. कुणी सांगितलं नाही, कुणी पैसे देत नाही. पंधरा वर्षं झेंडा फिरला आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये गेमडे पहिल्यांदा आमच्या गावात आला. मी शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघाले, स्नोक्वाल्मी घाट, मग कोलंबिया नदीवरचा पूल, मग ती अंधारातली न संपणारी शेतं. शो पूर्वेकडच्या घड्याळाप्रमाणे नऊला, म्हणजे आमच्याकडे सकाळी सहाला, त्यामुळे लोक मध्यरात्रीपासून थंडीत उभे होते. आमचा क्वार्टरबॅक गार्डनर मिन्शूच्या मिशा तेव्हा जोरात होत्या, चार वर्षांच्या पोरींनीसुद्धा खोट्या मिशा चिकटवलेल्या. उजाडायच्या आधी कॅमेऱ्याचे दिवे लागले आणि जो आवाज उठला ना, माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई होत्या, त्या रडत होत्या आणि सारखं म्हणत होत्या की आले, शेवटी आले. त्या दिवशी ऑरिगनला ३४-२० हरवलं.

त्या सीझनला आम्ही अकरा मॅचेस जिंकलो, शाळेचा रेकॉर्ड. सप्टेंबरात लॉस एंजेलिसच्या यूएससीकडून तीन पॉइंटने हरलो तेव्हा शेवटाला मिन्शूच्या डोक्यावर हेल्मेटने आदळलेल्या हिटला कुणी पेनल्टी दिली नाही, आणि पुढे बातमी आली की त्याच मॅचमध्ये आधीच्या एका प्रसंगात रिप्लेच्या निर्णयात कॉन्फरन्सच्याच एका अधिकाऱ्याने फोन करून ढवळाढवळ केली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण ज्या पक्षपाताबद्दल ओरडतो तो कायम परक्या चॅनलच्या स्टुडिओत बसलेला असतो असं नाही, कधी तो आपल्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑफिसात असतो. सीझनच्या शेवटी बर्फात अ‍ॅपल कप हरलो, तो विषय मी इथे काढत नाही.

३ डिसेंबर २०२३ ची सकाळ. माझी कोल्हापूरची वर्गमैत्रीण टॅलाहासीला असते, फ्लोरिडा स्टेटमध्येच नवरा शिकला, दोघं कट्टर. तिचा फोन आला तो रडवेल्या आवाजात. त्यांची टीम तेराच्या तेरा मॅचेस जिंकली, एसीसी कॉन्फरन्सची चॅम्पियन झाली, आणि नॅशनल चॅम्पियन ठरवणाऱ्या चार टीम्सच्या प्लेऑफमधून, पाचव्या नंबरवर ठेवून, निवड कमिटीने तिला बाहेर काढलं. मोठ्या कॉन्फरन्सची चॅम्पियन, एकही हार नाही आणि तरी बाहेर, असं त्या प्लेऑफमध्ये कधीच झालं नव्हतं. कारण काय तर क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय नोव्हेंबरमध्ये मोडला, आता ही टीम ती राहिली नाही. जागा मिळाली एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्समधल्या अलाबामाला, जी एक मॅच हरलेली. ट्रॅव्हिसने त्या दिवशी लिहिलं की माझा पाय सीझनमध्ये आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे टीम माझ्याशिवायही किती चांगली आहे हे दिसलं असतं. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने हे लिहावं. मैत्रीण म्हणाली, "अगं हे सगळं ठरलेलं होतं, ईएसपीएनला पुढच्या वर्षापासून सगळी एसईसी मिळतेय, त्यांना अलाबामाच पाहिजे होती." मी तिला म्हटलं, अगं पण तुमच्या एसीसीचं चॅनलसुद्धा ईएसपीएनचंच आहे, २०१९ पासून. तर म्हणाली मग दोन पोरांत एक लाडकं असतंच की.

संध्याकाळी बर्मिंगहॅमच्या भावोजींचा फोन. माझे चुलत दीर, वीस वर्षं अलाबामात, एसईसीचं हेडऑफिस त्यांच्या गावात. ते म्हणाले, "वहिनी, आम्ही जॉर्जियाला हरवून आलोय, त्यांनी कुणाला हरवलं?" आणि २००६ ते २०१२ सलग सात वर्षं चॅम्पियनशिप एसईसीत आली हे त्यांनी मला पुन्हा ऐकवलं. डिसेंबरअखेर ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ धुतलं तेव्हा त्यांचा मेसेज आला, फक्त स्कोअर. फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी मुख्य खेळाडू त्या मॅचला उतरलेच नव्हते, हे मीही फक्त एका ओळीत कळवलं. पण खरी गंमत पुढच्या वर्षी, प्लेऑफ बारा टीम्सचा झाला आणि कमिटीने अलाबामाला बाहेर ठेवून टेक्सासच्या एसएमयूला घेतलं, तर हेच भावोजी तावातावाने सांगायला लागले की देशभरातले मीडियावाले एसईसीला कंटाळलेत, आमच्यावर राग आहे सगळ्यांचा.

म्हणजे टॅलाहासीत वाटतं मीडिया आपल्याविरुद्ध, बर्मिंगहॅममध्ये वाटतं आपल्याविरुद्ध, पुलमनमध्ये तर आम्हाला खात्रीच. सगळेच खरे कसे असतील असं कुणी म्हणेल आणि विषय हसण्यावारी नेईल. मला ते पटत नाही. तिघांची दुखणी एक नाहीत. भावोजींच्या टीमची चर्चा रोज होते, त्यांना ती चर्चा कधीकधी आवडत नाही. मैत्रिणीच्या टीमचा मैदानावर मिळवलेला हक्क एका बंद खोलीत गेला. आणि आमची चर्चाच होत नाही. ही तीन दुःखं एका मापाने मोजता येत नाहीत.

मला नाही वाटत कुठल्या अँकरच्या मनात वॉशिंग्टन स्टेटबद्दल आकस आहे. लग्नात पंगत वाढायला एका टोकाने सुरुवात करतात, जिलबी शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत परातीत चुरा उरलेला असतो, वाढणाऱ्याचं त्या टोकाशी वैर नसतं. पण दर पंगतीला सुरुवात त्याच टोकाने होत असेल, आणि मग कुणी म्हणालं की त्या टोकाच्या लोकांना जिलबी आवडत नाही, बघा ना ते खातच नाहीत, तर? रेटिंगचं तेच झालंय. एसईसी नेटवर्क ईएसपीएनचं, २०१४ पासून. बिग टेन या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सच्या चॅनलमध्ये फॉक्सचा मोठा हिस्सा. ज्याच्यात पैसे गुंतलेत ते दुपारी साडेतीनला किंवा रात्री आठला दाखवायचं, त्याबद्दल आठवडाभर बोलायचं, मग लोक बघतात, मग आकडे वाढतात, मग त्या आकड्यांवर पुढचा करार. दुसऱ्याला साडेदहानंतर लावायचं आणि मग सांगायचं की बघा, बाजारालाच तुम्ही नको आहात. याला कारस्थान म्हणायची गरज नाही, पण याला नुसता बाजार म्हणून गप्प बसणंही मला मान्य नाही.

कॅम वॉर्डचं बघा. दोन सीझन आमच्याकडे खेळला, २०२२ आणि २०२३. पुलमनमध्ये प्रत्येकाला माहीत होतं हा पोरगा काय आहे, एका पायावर मागे पडता पडता साठ यार्ड फेकायचा. मग तो मायामीला गेला, दुपारच्या आणि प्राइम टाइमच्या मॅचेस, हाइझमनचा फायनलिस्ट, २०२५ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) देशात पहिला. तिकडे जाऊन तो सुधारला हेही खरं असेल, आजूबाजूला चांगले खेळाडू मिळाले. पण मायामीतल्या त्याच्या पहिल्या महिन्यात टीव्हीवर जे "हा कुठून आला" चाललं होतं ना, ते ऐकून मी सोफ्यावरून उठून उभी राहिले होते. आमच्याकडून आला. तुमच्याकडे टाइमटेबल होतं आमचं.

आता कॉन्फरन्स मोडली ती कुणी? इथे मी फक्त टीव्हीवर ढकलून मोकळी होणार नाही. बातम्यांप्रमाणे ईएसपीएनने एका शाळेमागे वर्षाला तीन कोटी डॉलर्सच्या आसपास देऊ केले होते आणि पॅक-१२ च्या प्रेसिडेंट मंडळींनी पाच कोटी मागितले. यूएससी आणि यूसीएलए ३० जून २०२२ ला बिग टेनकडे निघाल्याच होत्या, लॉस एंजेलिसचं मार्केट गेल्यावर हे मागणं कुठल्या हिशोबाने केलं देव जाणे. वर्षभराने हातात उरला अ‍ॅपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव, आणि ४ ऑगस्ट २०२३ ला, एका दिवसात, पाच शाळा गेल्या. ऑरिगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, अ‍ॅरिझोनाच्या दोन आणि युटा बिग १२ मध्ये. सिअ‍ॅटलची टीम आता न्यू जर्सीला रटगर्सशी खेळायला जाते, कॉन्फरन्समधली मॅच म्हणून. स्टॅनफर्ड आणि बर्कली, पॅसिफिकच्या काठावरच्या दोन शाळा, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. १९१५ साली सुरू झालेल्या घरात शेवटी आम्ही आणि ऑरिगन स्टेट दोघंच. मग आम्ही दोघांनी कोर्टात केस टाकली, जाणाऱ्या दहांनी राहिलेल्या घराचे पैसे आणि मतं ठरवू नयेत म्हणून, आणि ती केस चालली कुठे तर कोलफॅक्सला, पुलमनपासून पंधरा मैलांवरच्या छोट्या गावातल्या काउंटी कोर्टात, जिथे आजोबा शेताच्या कागदांसाठी जायचे. नोव्हेंबरमध्ये निकाल आमच्या बाजूने लागला, डिसेंबरमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. ज्या आठवड्यात निकाल लागला त्या आठवड्यात आजोबांचा फोन आला, नव्वदीला टेकलेले, ते मॅच जिंकल्यासारखे ओरडत होते, आणि मागून आजींचा आवाज, की त्याला सांग शेजारी झोपलेत.

आजी हस्की असूनही त्या ऑगस्टमध्ये आपल्याच युनिव्हर्सिटीवर चिडल्या होत्या. मला म्हणाल्या, साठ वर्षं मी ज्यांच्यावर रागवत आले त्यांना असं सोडून कसे जातात. हे वाक्य मला फार पटलं. रायव्हलरीत राग असतो तो घरातला राग असतो, त्याला दरवर्षी त्याच तारखेला, त्याच थंडीत, त्याच माणसांसमोर बसावं लागतं. २०२३ चा अ‍ॅपल कप पॅक-१२ मधला शेवटचा, सिअ‍ॅटलला, हस्कीज त्या वर्षी एकही मॅच हरले नव्हते, आणि आम्ही शेवटच्या सेकंदाला फील्ड गोलवर २४-२१ हरलो. त्यानंतर ते नॅशनल चॅम्पियनशिपच्या फायनलपर्यंत गेले. देशाने त्यांना डिसेंबर-जानेवारीत बघितलं. त्यांना सगळ्यात जास्त घाम कुणी फोडला हे आम्हाला माहीत आहे, आणि खरं तर त्यांनाही.

गणपतीनंतरच्या त्या शनिवारी, १४ सप्टेंबर २०२४ ला, मी सिअ‍ॅटलच्या लुमेन फील्ड स्टेडियमला गेले. मैत्रिणीच्या मुलालाही तिकीट काढून बरोबर नेलं. ऊन होतं, लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून, कुणाच्या हातात ब्लँकेट नाही, सीझनची तिसरीच मॅच, आणि अ‍ॅपल कप असा टी-शर्टात खेळतात हे काही केल्या मनाला पटेना. पण शेवटाला आम्ही २४-१९ पुढे, हस्कीज एका यार्डावर, फोर्थ डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि आमच्या पोरांनी त्यांना तिथेच आडवं केलं. माझा घसा फुटला. हा पोरगा डोकं धरून खाली बसला, पाच मिनिटं बोलला नाही, पार्किंगपर्यंत बोलला नाही, आणि गाडीत बसल्यावर म्हणाला, "मावशी, पुढच्या वर्षी पुलमनला येतो मी. बघतोच." मला त्याला मिठी मारावीशी वाटली. २०२५ मध्ये खरंच आला, आणि त्याच्या टीमने आम्हाला आमच्याच गावात ५९-२४ असं चोपलं, मी त्याला आजोबांच्या घरी जेवायला नेलं आणि तो आजींच्या शेजारी जांभळ्या हुडीत बसून दुप्पट जेवला.

नवीन पॅक-१२ आता २०२६ पासून उभी राहतेय, बोइसी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट, कोलोरॅडो स्टेट, टेक्सास स्टेट असे नवे शेजारी आहेत. मी त्यांच्याशी भांडायला शिकेन. पण अ‍ॅपल कपचा दोन्ही शाळांमधला करार २०२८ पर्यंतचाच आहे, आणि मॅच सप्टेंबरमध्ये, कारण नोव्हेंबरचा शेवट प्रत्येकाला आपापल्या कॉन्फरन्ससाठी मोकळा ठेवायचाय. दरवर्षी मी पुलमनला थोडी देणगी पाठवते, या वर्षी चेकसोबत पत्र घातलंय आणि तसंच पत्र सिअ‍ॅटलच्या अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटला, आजींची सही घेऊन. मागणी एकच, २०२८ च्या पुढचा करार करताना थँक्सगिव्हिंगचा आठवडा परत आणा, आणि मॅच दुपारी ठेवा. रटगर्सला एक आठवडा आधी जाता येईल.